हरकत नाही ना?

आमच्या रहिवासी संघाची सभा वेळेवर सुरू झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही. सूचनेत दहाची वेळ असते. दहाला माणसं नसतात, म्हणून गणसंख्येअभावी सभा तहकूब होते आणि नियमाप्रमाणे अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. मग गणसंख्येची अट नसते. हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून सगळे साडेदहाला येतात. आणि सगळे साडेदहाला येतात म्हणून दहाला गणसंख्या भरत नाही. शिकलेली माणसं आहेत हो सगळी.

ठराव मंजूर करायची पद्धत तर याहून थोर. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त साहेब. खुर्ची गेली तरी शेजारी अजून हाताखालीच आहेत अशा समजुतीत वावरणारे. ते ठराव वाचतात आणि मान वर न करता विचारतात, "अनुमोदन?" पहिल्या रांगेतून लगेच येतं, "अनुमोदन!" हा आवाज आमच्या ह्यांचा. संघात ह्यांना अनुमोदनराव म्हणतात आणि हे तो सन्मान समजतात. मग साहेब विचारतात, "कुणाची हरकत नाही ना?" सगळी सभा एका सुरात म्हणते, "नाही!" झालं, सर्वानुमते मंजूर. आता असं विचारल्यावर तोंडातून दुसरं निघणार तरी काय? भिडस्त माणसं अशाच एका 'नाही'पायी राहती घरं घालवून बसतात.

वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी मागे एकदा तोच तो विषय फिरून काढला, तेव्हा साहेबांनी आणखी एक ठराव करून घेतला. सर्वानुमते झालेल्या गोष्टीला वर्षभर हात लावायचा नाही. त्यालाही कुणाची हरकत नव्हती.

यंदा विषयपत्रिकेत शेवटून दुसरा विषय होता, 'तळमजल्यावरची खोली अध्यक्षांच्या दालनासाठी घेणे.' दालनात करणार काय, तर म्हणे भेटीगाठी. साहेबांना आपण होऊन भेटायला आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. पितळी पाटी मात्र आधीच करून आणली होती.

संघाच्या त्या खोलीत माझ्या नणंदेचं शिलाईकाम चालतं. सासर सुटलं तेव्हा वन्संनी भांडून आणलेली एकच वस्तू म्हणजे ते मशीन. आमच्या घरात ते ठेवायचं तर कुणीतरी उभ्याने झोपायला हवं. म्हणजे खोली गेली की मशीन विकायचं आणि अंगाच्या साबणासाठीसुद्धा भावापुढे हात पसरायचा.

सभेच्या दिवशी सकाळी मी ह्यांना विचारलं, "तुम्ही अनुमोदन देणार?"

"सभेत नातीगोती आणायची नसतात," हे म्हणाले आणि शर्टाची बटणं लावू लागले. त्या शर्टाची विरलेली कॉलर वन्संनीच उलटून शिवून दिली होती.

"दादा, निदान गप्प तरी बस," वन्सं म्हणाल्या.

"साहेबांना शब्द दिलाय मी."

"मला कधी दिला होतास का रे एखादा?"

हे चपला शोधण्यात फार गुंतले.

हे गेल्यावर मी म्हटलं, "वन्सं, मीच बोलले असते. पण घरटी एक मत, आणि आमचं ह्यांच्या नावावर. तुम्ही खोलीची वर्गणी भरता, सभासद आहात. त्यांनी 'नाही ना' विचारलं की तुम्ही 'आहे' म्हणायचं."

"नुसतं आहे?"

"नुसतं."

सभेत मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. माइक किंचाळून शांत झाला. विषय येत गेले, मंजूर होत गेले. मग खोलीचा ठराव आला.

"अनुमोदन?"

"अनुमोदन!" हे बहिणीकडे न बघता म्हणाले.

"कुणाची हरकत नाही ना?"

"नाही!"

आणि तो गजर विरला न विरला तोच एक बारीक आवाज आला. "आहे."

साहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली. "काय आहे?"

"हरकत."

"कुणाची?"

"माझी," वन्सं उभ्या राहिल्या. पदराचं टोक मुठीत गच्च होतं. "माझं पोट आहे त्या खोलीवर."

'आहे'नंतर काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. चिटणीस, म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले, नियमांचं पुस्तक उलटंसुलटं चाळू लागले.

"हात वर करून मत घ्या की," कुणीतरी म्हणालं.

"कुठला हात?" दुसऱ्याने विचारलं. अगदी मनापासून.

साहेबांनी टेबलावरची घंटी बडवली. "नियमाने चालू या. हरकतीलाही अनुमोदक लागतो." त्यांनी सभेवरून नजर फिरवली. त्यांच्यासमोर उठायची कुणाची छाती नव्हती आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर असे आरामात म्हणाले, "अनुमोदन?"

"अनुमोदन!"

साहेब ह्यांच्याकडे बघत राहिले. आमचे हे कोण बोललं ते पाहायला मागे वळले.

घाबरलेला माणूस सवयीच्या आडोशाला पळतो. साहेब घाम पुसत गडबडीने म्हणाले, "बरं, बरं. खोली शिलाईकामाकडेच राहावी, अशी हरकत आली आहे. तर या हरकतीला कुणाची हरकत नाही ना?"

"नाही!" सगळी सभा म्हणाली. मागे चहाचे कप वाजायला लागले होते.

"सर्वानुमते मंजूर," चिटणीसांनी लिहूनही टाकलं.

"थांबा, थांबा! मला तसं नव्हतं म्हणायचं!"

"सर्वानुमते झालं, साहेब," चिटणीस पेनाला टोपण लावत म्हणाले. "आता वर्षभर हात लावता येत नाही. ठराव तुमचाच."

पितळी पाटी टेबलाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. ती साहेबांनी पायाने आणखी आत सरकवली.

घरी पोचेपर्यंत आमच्या ह्यांची छाती चांगलीच फुगली होती. वाटेत लोकांनी पाठ थोपटली होती ना! जेवताना म्हणाले, "मी मुद्दामच दिलं अनुमोदन. शेवटी बहीण आहे."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांच्या पानात वाढता वाढता म्हणाल्या, "शब्द दिलास हो, दादा." आवाजात टोमणा किती आणि माया किती, ते मला आजही सांगता यायचं नाही.

ह्यांचा घास घशात अडकला. मी पाणी पुढे केलं आणि तेवढ्यात विचारून घेतलं, "आजपासून रात्रीची भांडी तुम्ही घासायची. कुणाची हरकत नाही ना?"

"नाही," हे म्हणाले.

"अनुमोदन!" वन्सं म्हणाल्या.