पंचवीस गाठींची दोरी

मी एक जुनी सुती दोरी आहे. जाडी तुमच्या करंगळीएवढी, अंगावर पंचवीस गाठी आणि स्वभाव संशयी. स्वभावाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून बोल लावायला नको. मित्रांनो, वाकडं कुठे आहे ते शोधणं हेच जिचं काम, तिला जगात सरळ काही दिसणार तरी कसं?

माझा जन्म कळसाडी गावापासून कोसभरावरच्या एका गावात झाला. त्याला आता तीस वर्षं होतील. गावातल्या मुसलमानांनी वर्गणी काढून ईदगाहची भिंत बांधायला घेतली आणि ते काम कासम गवंडींकडे आलं. ईदगाह म्हणजे ईदेची नमाज जिथे सगळे मिळून पढतात ते मोकळं मैदान. या मैदानाच्या पूर्वेला गिरधरभाई या गुजर शेतकऱ्याचं वावर. पुढे हद्दीवरून कुरबुर नको म्हणून गिरधरभाई आणि कासमभाई या दोघांनी एकदाच काय ते मोजून टाकायचं ठरवलं. गिरधरभाईंनी आपल्या कापसाचं सूत दिलं आणि कासमभाईंनी अंगणात बसून मला वळलं.

माझ्या गाठींचं माप फुटांचं नाही बरं का. कासमभाईंनी जमिनीवर स्वतः सजदा केला, म्हणजे नमाजेत कपाळ टेकतात तसं टेकलं. टाचेपासून कपाळापर्यंतचं अंतर घेतलं, पुढे चार बोटं सोडली आणि गाठ मारली. एका गाठीत माणसांची एक रांग. या रांगेला सफ म्हणतात. मग भिंतीपासून मला ताणलं आणि पंचविसावी गाठ जिथे आली तिथे हद्दीचा दगड पुरला. कागदावर लिहिलं, ‘भिंतीपासून पंचवीस गाठी.’ फूट किती झाले ते लिहायचं दोघांपैकी एकालाही सुचलं नाही. मला तेव्हाही वाटलं होतं की हे पुढे कधीतरी भोवणार.

त्या दिवसापासून एक रीतच पडली. ईदेच्या आदल्या दिवशी मैदान झाडून, पाणी मारून, जमीन सुकली की मला पेटीतून काढायचं. भिंतीपाशी माझं एक टोक कासमभाई धरत, दगडापाशी दुसरं टोक गिरधरभाई. प्रत्येक गाठीवर आडवी रेघ मारून तिच्यावर चुना भुरभुरायचा. सकाळी माणसं त्या रेघांवर टाचा ठेवून खांद्याला खांदा लावून उभी राहत. सफ वाकडी झाली की मनंही वाकडी होतात, असं मौलाना दर ईदेला बजावतात. लोक म्हणत, तालुक्यात एवढ्या सरळ सफा कुठे दिसणार नाहीत. ऐकून मी फुगत असे. ज्या वर्षी पावसात ईद यायची त्या वर्षी नमाज मशिदीत, आणि मी पेटीत. त्यामुळे तीस वर्षांत पाण्याचा थेंब माझ्या अंगाला लागला नाही.

पुढे ते दोघेही गेले. भिंतीकडचं टोक कासमभाईंच्या अनीसकडे आलं आणि दगडाकडचं गिरधरभाईंच्या चुनीलालकडे. अनीसभाईही गवंडीच. माणूस शांत, पण एकदा मनात काही आलं की ते गिळायचं नाही आणि ओकायचंही नाही. चुनीलालभाऊंचं तोंड मोठं. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. तरी मी दोघांवर नजर ठेवून असे, कारण हद्दीपाशी भावाला भाऊ ओळखत नाही.

यंदाच्या रमजानात पेटीचं झाकण मोडलं म्हणून मला ओसरीवर ठेवलं होतं. एके दुपारी घरची बकरी माझ्यावर ऐसपैस बसली आणि उठताना नको ते करून गेली. अनीसभाईंच्या बायकोने, नईमाने, ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. नमाजेच्या कामाची दोरी नापाक कशी चालेल? तिने मला बादलीत बुचकळलं, साबण लावला, तीन पाण्यांतून काढलं आणि गच्चीवर कडक उन्हात वाळत घातलं. अंग जरा आखडल्यासारखं वाटलं. म्हटलं, वय झालं, चालायचंच. नईमाने संध्याकाळी माझी गुंडाळी करून ठेवली आणि ती ही गोष्ट विसरून गेली. खरं सांगायचं तर मीही विसरले.

तिसावा रोजा होता, म्हणजे दुसऱ्या दिवशी ईद नक्की. दुपार कलल्यावर अनीसभाई मला घेऊन ईदगाहवर आले. चुनीलालभाऊ दगडापाशी उभेच होते. त्यांचा ऊस नुकताच तुटला होता, वावर मोकळं दिसत होतं. अनीसभाईंनी माझं टोक भिंतीला लावलं, चुनीलालभाऊंनी दुसरं टोक ओढलं, आणि पंचविसावी गाठ दगडापर्यंत पोचलीच नाही. चांगली पाच हात अलीकडे राहिली.

पुन्हा ताणलं. तेवढीच. तिसऱ्यांदा ताणलं, तेव्हा माझे धागे करकरले. चुनीलालभाऊंना वाटलं, दगडच जागचा हलला आहे.

“अनीस, दगड सरकना,” ते म्हणाले. “मन्हा वावरम्हा पाच हात घुसेल शे.”

“चुनीभाऊ, दगड का चालस का?”

“चालस नही, पन सरकाडता येस. ट्रॅक्टर कोना फिरना आठे? तुन्हा पुतन्याना!”

मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मलाही तस्संच वाटलं. अनीसभाईंचा पुतण्या तौफिक याचा स्वतःचा ट्रॅक्टर आहे. चुनीलालभाऊंचा ऊस त्यानेच वाहून नेला होता, याच बांधावरून. आणि गेल्या बकरी ईदेला, माणसं रस्त्यापर्यंत उभी राहिली तेव्हा, हाच तौफिक चारचौघांत म्हणाला होता की जागा पुरत नाही, काहीतरी करायला हवं. घरी तेच बोलणं निघालं तेव्हा मी पेटीतून ऐकून ठेवलं होतं. पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं मला कळत होतं.

अनीसभाईंनी खिशातून टेप काढला. भिंतीपासून दगडापर्यंत एकशेदोन फूट भरले. पण करार गाठींचा होता, फुटांचा नव्हता. टेप दगड मोजू शकत होता; दगड आधी कुठे होता ते तो कसं सांगणार? मला मोजावं असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही. मापाला कोण मोजतं?

चुनीलालभाऊंनी माझं टोक जमिनीवर आपटलं. “तुन्हा बाप व्हता तवय अशे कधी नही व्हयनं. ईद करी ले. परवा मी मोजनीना अर्ज देस, नि आठे काटा लाई टाकस.”

ते बांधावरून निघून गेले. ईदगाहची वाट त्यांच्याच बांधावरून जाते. तिथे काटे पडले तर पुढच्या ईदेला म्हाताऱ्यांनी यायचं कुठून? आणि अनीसभाईंना याहून मोठी काळजी दुसरीच होती. दुसऱ्याची बळकावलेली जमीन नमाजेला चालत नाही. दगड खरंच सरकला असेल, तर मागच्या सफांमधल्या लोकांचं कपाळ चोरीच्या मातीला टेकणार होतं. आणि मैदान आखणारा हात अनीसभाईंचा.

त्यांनी तौफिकला फोन करून तिथेच बोलावलं. तो आला, ऐकलं, हसायला लागला. काका हसत नाहीत असं पाहून थांबला.

“तू सरकाडा का?” अनीसभाईंनी विचारलं.

“नही, चाचा.”

“रोजा शे तुले. कसम खा.”

तौफिकने लगेच कसम खाल्ली नाही. काकांकडे बघत राहिला. त्याचा बाप तो लहान असतानाच गेला होता, आणि याच काकांनी त्याला वाढवलं होतं. शेवटी त्याने हलक्या आवाजात कसम खाल्ली आणि मागे न बघता गेला. मी मनात म्हटलं, चोराच्या मनात चांदणं! एवढा उशीर लावला म्हणजे काहीतरी असणारच. अनीसभाईंच्याही मनात तेच आलं असावं, कारण त्यांनी त्याला हाक मारली नाही.

मग त्यांनी एकट्यानेच मला खुंट्या ठोकून ताणलं आणि माझ्या पंचवीस गाठींवर पंचवीस रेघा मारल्या. पंचविसाव्या रेघेच्या पुढे, दगडापर्यंत, पाच हात जागा मोकळी सोडली. संशयाची जागा वापरायची नाही, म्हणजे नमाज तरी स्वच्छ होईल. इफ्तारची वेळ होत आली होती. त्या गडबडीत मी दगडावरच राहिले. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचं सगळं मला पाहता आलं.

सकाळी माणसं ‘अल्लाहु अकबर’ची तकबीर पढत येऊ लागली. अंघोळ करून, ठेवणीतले कपडे घालून, अत्तर लावून, घरून खजूर खाऊन, फित्रा म्हणजे गरिबांसाठीचं ईदेचं दान देऊन. पोरांच्या टोप्यांना अजून दुकानाच्या घड्या होत्या. चुनीलालभाऊ दरवर्षी आपल्या वावरातून नमाज बघतात आणि ती संपल्यावर गळाभेटीला येतात. यंदा आधीच येऊन बांधावर हाताची घडी घालून उभे राहिले, रेघ कोण ओलांडतो ते बघायला. अनीसभाईंनी पहिल्या सफेतली जागा सोडली आणि चोविसाव्या सफेत उभे राहिले. त्यांनाही मागची रेघ राखायची होती. तौफिक उशिरा आला. पंचविसाव्या सफेत एकच जागा उरली होती, नेमकी काकांच्या मागची.

मौलानांनी नमाजेची पद्धत समजावली. दोन रकात म्हणजे नमाजेची दोन आवर्तनं, त्यांत सहा जादा तकबिरी, तेव्हा घाईने वाकू नका. तरी दोघे-चौघे वाकलेच, ते दरवर्षी वाकतात. मग सगळे सजद्यात गेले आणि मैदानभर एक विचित्र हालचाल झाली. कोणाचं कपाळ पुढच्याच्या टाचेवर आपटलं, कोणाची टोपी पुढच्याच्या पायाने उडाली, एका म्हाताऱ्या हाजींना तर कपाळ टेकायला जागाच मिळेना. तौफिकचं कपाळ अनीसभाईंच्या टाचेला लागलं. अनीसभाईंचा पाय दचकून आखडला, पण पुढे घ्यायला जागा कुठे होती?

बांधावर चुनीलालभाऊंनी हाताची घडी सोडली. तीस वर्षं ते ही नमाज पाहत आले होते. पुढच्याची टाच आणि मागच्याचं कपाळ यांत चार बोटं उरतात, हे त्यांना नमाज न पढताही पाठ होतं. त्यांनी रेघांकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे.

मित्रांनो, तीस वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. मी सगळ्यांवर डोळा ठेवायचा, माझ्यावर कोणी नाही, अशीच आमची वाटणी होती.

मौलानांचं प्रवचन, म्हणजे खुतबा, संपला, गळाभेटी सुरू झाल्या. चुनीलालभाऊंनी मला उचललं, चोळलं, नाकाशी धरलं आणि अनीसभाईंपुढे येऊन म्हणाले, “साबणना वास ई ऱ्हायना. ही दोरी कोनी धुयी का रे?”

दोघं मला घेऊन तसेच अनीसभाईंच्या घरी आले. मागोमाग तौफिकही आला, कारण ईदेच्या दिवशी काकूचा शीरखुर्मा टाळणं त्याला जमलं नाही. नईमा वाट्या भरत होती. चुनीलालभाऊंनी तेच विचारलं, तेव्हा माझ्याकडे बघून ती सहज म्हणाली, “हां, मी धुयी ना भाऊ. बकरी मुतनी व्हती. नमाजनी दोरी, नापाक कशी ठेवू?”

“पानीम्हा घाली?”

“तीन पानीम्हा. मंग उनम्हा वायाडी.”

चुनीलालभाऊ खाटेवर बसले. “कापूस पेरता पेरता मन्हा जनम गया, नि इतलं ध्यानम्हा नही उनं. सूत पानी पेस नि आटस. दगड तठेच शे, अनीस. दोरी आटनी.”

तर असं होतं. चोर दगडापाशी नव्हता, ट्रॅक्टरवर नव्हता, बांधावर नव्हता. चोर मी होते. दर गाठीमागे चार-पाच बोटं खाऊन बसले होते आणि गावभर संशय घेत फिरत होते. लाजेने मला पुन्हा आखडावंसं वाटलं, पण आता आखडायलाही काही उरलं नव्हतं.

तौफिकने टेप घेतला आणि दोघांसमोर माझी एकेक गाठ मोजली. सगळ्या मिळून आठ फूट कमी भरल्या, दगडापाशी राहिलेल्या पाच हातांएवढ्या. चुनीलालभाऊंनी अर्जाचं आणि काट्याचं नाव पुन्हा काढलं नाही. त्यांनी तौफिकपुढे सरळ हात जोडले. “चुकनू, भाऊ. मन्हं तोंडच वाईट शे.” तौफिकने त्यांचे हात खाली केले आणि त्यांना वाटी दिली.

मग अनीसभाई उठले आणि त्यांनी पुतण्यासमोर दोन्ही हात पसरले. ईदेची गळाभेट तीनदा घेतात. तौफिक पुढे आला नाही.

“चाचा,” तो म्हणाला, “दोरीले पानी लागनं म्हनी ती आटनी. तुम्हले काय लागनं व्हतं?”

अनीसभाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण हात त्यांनी खाली घेतले नाहीत. शेवटी तौफिक त्यांच्या जवळ गेला. एकदा गळ्यात पडला, दुसऱ्यांदा पडला, आणि मग वाटी न घेताच बाहेर निघून गेला.

आता मला नव्या पेटीत ठेवलं आहे. कागदावर ‘पंचवीस गाठी’च्या पुढे ‘एकशेदोन फूट’ असं लिहून दोघांनी सह्या केल्या आहेत. बकरी ईद येते आहे. मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखी एखादी जुनी दोरी, जुनी काठी, जुनं माप असेल. त्याला पाण्यापासून, बकरीपासून सांभाळा. पण त्याने एखाद्या माणसाकडे बोट दाखवलं, तर माणसाला कसम घालण्याआधी ते माप मोजून घ्या. माझ्या गाठी सोडून कोणीही पुन्हा बांधील, त्याला एक दुपार पुरेल. तौफिकची तिसरी मिठी मात्र अजून व्हायची आहे, आणि अनीसभाई रोज संध्याकाळी ओसरीवर त्याच्या ट्रॅक्टरच्या आवाजाची वाट बघत बसतात.