लाल ट्रॅक्टर हा ट्रॅक्टर नव्हे

गेल्या महिन्यात आमचे आजोबा माणूस नाहीत असं अधिकृतपणे सिद्ध झालं आणि त्यांचा मंगळवार गेला. पण असं काही घडलेलंच नाही, असं आमच्या घरी ठरलंय. तेव्हा तुम्हीही हे वाचलेलं नाही.

तर, सगळं ठीक होतं. कॅनडातल्या सास्काचेवानच्या हिवाळ्यात आमचं गाव कर्लिंग खेळतं. बर्फावरून जड दगड सरकवायचा आणि तो मनासारखा जावा म्हणून त्याच्यापुढे झाडू मारत धावायचं. आजोबा, म्हणजे ओरेस्ट, आणि त्यांचा मित्र सिग्गी दर मंगळवारी सकाळी हेच करतात. गुडघे दोघांचेही कामातून गेलेत. उरलेला आठवडा ते मंगळवारची वाट बघतात.

पूर्वी जागा राखायची म्हणजे क्लबच्या डोरीनबाईंना फोन. आजोबा नुसते खोकायचे, की त्या म्हणायच्या, मंगळवार ना, लिहिला. यंदा त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी वेबसाइट आली. वेबसाइटला खोकला कळत नाही. दुपारी बाराच्या आत नोंदणी झाली नाही, तर मंगळवार ‘बर्फावरचा योग’वाल्या मंडळींना जाणार होता.

आजोबा माझ्या लॅपटॉपसमोर बसले, शेजारी सिग्गी. जन्मसाल शोधायला यादी इतकी खाली सरकवावी लागली, की सिग्गी मध्येच कॉफी करून आला. मग वेबसाइटने विचारलं, तुम्ही माणूस आहात ना? असाल तर ट्रॅक्टर असलेले सगळे चौकोन निवडा.

मी निश्चिंत झाले. दोघांचा जन्म ट्रॅक्टरवर गेलेला.

आजोबांनी हिरवे ट्रॅक्टर निवडले आणि हात आवरला. मी म्हटलं, दोन राहिले.

“ते लाल आहेत,” आजोबा म्हणाले.

आमच्याकडे लोक चर्च बदलतात, नवरे बदलतात, ट्रॅक्टरचा रंग बदलत नाहीत. आजोबा हिरव्या कंपनीचे, सिग्गी लाल कंपनीचा. सिग्गीची मुलगी हिरव्या ट्रॅक्टरवाल्यांच्या घरात दिली, तेव्हा लग्नात तो शेवटच्या बाकावर बसला होता.

वेबसाइटने नापास केलं आणि नवी चित्रं दिली. सिग्गीने माउस ओढून घेतला आणि फक्त लाल निवडले. पुन्हा नापास. मी अक्षरशः हात जोडले, आजोबा, दोन्ही निवडा, पाच मिनिटं उरलीत.

“म्हणजे या वयात खोटं बोलू?”

“ओरेस्ट, अरे मंगळवार जाईल,” सिग्गी म्हणाला.

“मग तू निवड ना हिरवे.”

सिग्गीने माउस दूर सारला. “तसं मंगळवारात एवढं काय ठेवलंय,” तो म्हणाला.

मीच निवडायला गेले, तर दोघांनी मिळून लॅपटॉप मिटला. त्यांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. बारा वाजले.

मंगळवारी दोघं क्लबमध्ये काचेमागे बसून योगवाल्यांना घसरताना बघत होते. हसले नाहीत. आजोबांचा झाडू मांडीवर आडवा होता. घरी आल्यावर त्यांनी मला लिहायला बसवलं:

“मा. व्यवस्थापक, वेबसाइट, यांस. सर्व लाल वाहने ट्रॅक्टर या वर्गातून तात्काळ वगळण्यात यावीत. याबाबत श्री. सिग्गी यांची हरकत नोंदवून घेऊन ती फेटाळण्यात यावी. सदर दुरुस्ती होईपर्यंत मंगळवार हा वार सर्वांसाठी स्थगित ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.”