राणीची अकरा मिनिटं

"बाबा, तीन तासांच्या सिनेमात राणी किल्ल्याबाहेर एकदाही का पडत नाही?"

हे बाबांना विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून थिएटरवरून घरी येताना गाडीत मी विचारूनच टाकलं. हा ऐतिहासिक सिनेमा आजच्या लोकांना का आवडतो, यावर शाळेचा प्रकल्प होता. मी घड्याळ लावून मोजलं, तर राणी दिसते जेमतेम अकरा मिनिटं, तीही खिडकीत उभी!

बाबांनी तो सिनेमा पाचव्यांदा पाहिला होता. "अगं, बाहेर युद्ध चाललंय! आत सुखरूप असते ती. म्हणून तर आवडतो."

"राणीला विचारलं का कुणी?" पुढच्या सीटवरून आई पुटपुटली.

घर आलं. मी सवयीने बसून राहिले. गाडीचं मागचं दार आतून उघडतच नाही. मी तीन वर्षांची असताना बाबांनी लावलेला चाइल्ड लॉक पंधराव्या वर्षीही तसाच आहे. रोज शाळेच्या फाटकाशी बाबा उतरून दार उघडतात आणि मैत्रिणी खिदळतात, "राणीसाहेब आल्या!"

बाबांनी दार उघडलं.

"आई, बाबा, ऐका," मी उतरता उतरता जाहीर केलं, "उद्यापासून शाळेत मी चालत जाणार. बाहेर कुठलं युद्ध चाललंय, ते बघतेच!"