दाराजवळची खुर्ची

अकोल्याहून मी अमरावतीला निघाले ती संघटना काढायला नव्हे, काम सोडते म्हणून सांगायला. बसमध्ये दोनदा जागा बदलली, तरी बसवेना.

माझं काम तुरुंगातलं. खून-मारामारी केलेल्या माणसासमोर बसायचं आणि त्याचा हात उठतो कशापायी, ते त्याच्याच तोंडून काढून त्यावर उपचार करायचे. गेल्या महिन्यात एका कैद्यानं, अगदी गोड आवाजात, माझ्या मुलीच्या शाळेचं नाव घेतलं. तेव्हापासून ना धड झोप, ना जेवण. नवऱ्याला सांगितलं असतं तर त्यानं हाय खाल्ली असती.

हे काम करणाऱ्या आम्हा चौघांची संघटना काढायचं खूळ आकांक्षाचं. शिकवणीची एक खोली तिनं मिळवली होती. मी पोचले तेव्हा दाराजवळच्या खुर्चीत आमच्यातले सगळ्यात जुने सूर्यभानभाऊ बसले होते. मला रागच आला, कारण ती जागा मला हवी होती. मी दाराशीच उभी राहिले. मागून आमच्यातला चौथा, गोपाल आला, तोही आत सरकेना.

"बसा ना, काहून उभे राहिले?" आकांक्षा म्हणाली. ती स्वतः भिंतीला पाठ लावून उभी होती.

सूर्यभानभाऊंनी आम्हाला एकेक करून न्याहाळलं. "घरीबी असंच करता का?"

कैद्यासोबत बसताना आपली खुर्ची दाराकडे ठेवायची, ही या कामातली पहिली शिकवण. ती हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे आमच्या मागे आली होती. मला वाटायचं, मीच एकटी बिघडले. इथं तर सगळे एकाच माळेचे मणी. हसू यायला हवं होतं, पण रडू आलं.

"मी काम सोडून राहिली," मी म्हणाले. "मले भेव वाटते."

कोणी समजूत घातली नाही. सूर्यभानभाऊंनी एक खुर्ची मधोमध ओढली, दाराकडे पाठ करून.

"इथं बस. दार आमी पायतो."

बसले. शाळेचं नाव तोंडाशी आलं आणि मागे दार करकरलं. मी अर्धी उठले.

"चहा आला," सूर्यभानभाऊ म्हणाले. "तू बोल."

मी मागे न बघता सगळं बोलले. संघटनेचं नाव, अध्यक्ष, नियम, यातलं त्या दिवशी काहीच ठरलं नाही. निघताना गोपाल हळूच जवळ आला.

"पुढच्या खेपेले त्या खुर्चीवर मी बसतो, ताई."

म्हणजे दार पाहायला मला यावं लागणार होतं.