पाच सेंटिमीटरचा विकास

संशोधन करणाऱ्या त्या मुलीला गावात सगळे टेपताई म्हणत, आणि तिला ते आवडायचं. तिचा विषय सरळ होता: गावातल्या घरांत पर्यटक राहायला लागले, तर त्या घरांतल्या मुलांची तब्येत सुधारते का? दोन वर्षांपूर्वी तिने वीस घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर, अगदी जमिनीपासून वर, ऑइलपेंटने उंची मोजायची पट्टी रंगवली. यंत्र वाहायला नको. तिच्या मार्गदर्शक सरांना कल्पना इतकी आवडली की महिन्याभरात ती त्यांचीच झाली.

वर्षभरात अकरा घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. टेपताईने पुन्हा मोजलं आणि थक्क झाली. त्या अकरा घरांतलं प्रत्येक मूल इतर घरांतल्या मुलांपेक्षा पाच सेंटिमीटर जास्त वाढलं होतं. एका घरातल्या आजीबाईही वाढल्या होत्या. वय त्र्याहत्तर.

"चार माणसं येतात-जातात, मग माणूस ताठ होतं," आजीबाई म्हणाल्या.

टेपताई हसली आणि तो आकडा वगळला. अभ्यास मुलांचा होता.

अहवाल वर गेला. मुलं एवढी वाढतायत म्हटल्यावर आरोग्य केंद्राने त्या अकरा घरांतल्या मुलांना मिळणारी दुधाची पावडर बंद केली.

आता अहवालाचं पुस्तक निघणार होतं. मुखपृष्ठासाठी पट्टीशेजारी उभ्या मुलीचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो हवा होता, म्हणून टेपताई आजीबाईंच्याच घरी आली होती. सहा वर्षांची नात नवीन सँडल घालून भिंतीला टेकली. टेपताईने कॅमेऱ्यातून खाली पाहिलं. पट्टीवर शून्य नव्हतं. पट्टी पाचापासून सुरू होत होती.

"वहिनी, ही फरशी कधी बसवली?"

"पाहुणे यायच्या आधीच की. शहरातल्यांना साधी जमीन टोचते म्हणे," मुलीची आई म्हणाली. "जुन्यावरच सिमेंट टाकून बसवली. अकराही घरांत एकच मिस्त्री."

मोजताना टेपताईने प्रत्येक वेळी फक्त डोक्याकडे पाहिलं होतं. पायांकडे एकदाही नाही. ती अंगणात गेली आणि सरांना फोन लावला.

"सर, घरांना नवीन फरशी बसलीय."

"वा! पायाभूत सुविधा. टाक अहवालात."

"सर, मुलं नाही वाढली. जमीन वाढलीय."

पलीकडे बराच वेळ चमच्याने कपात ढवळल्याचा आवाज आला.

"फोटो कमरेपासून वरचा काढ," सर म्हणाले.

आणि तिने काढला. इतक्या सहज काढला, याचंच तिला नंतर सगळ्यात वाईट वाटलं.

"बघू बघू," म्हणत वहिनी कॅमेऱ्यात डोकावली. "अगंबाई, पाय कुठे गेले? मुद्दाम सँडल आणली होती हो!" मग मुलीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "दूध बंद झालं तेव्हा ही रोज रडायची. मी म्हटलं, तू उंच झालीस ना, आता ते छोट्या मुलांना देऊ दे. मग गप्प बसली शहाणी."

टेपताईचा चेहरा तापला. तिने पिशवीतून साधी टेप काढली, मुलीची सँडल उतरवली, फरशीपासून मोजलं आणि वहीतल्या जुन्या नोंदीशी ताडलं. दोन वर्षांत जेमतेम तीन सेंटिमीटर.

"वहिनी, चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि सगळं सांगितलं. सांगायला एक मिनिटही लागलं नाही.

वहिनीने खाली वाकून मुलीची सँडल उचलली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे हिचं दूध उगीच बंद केलं?"

"हो."

टेपताईने तिथूनच आरोग्य केंद्रात फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, लेखी आणा, मोजलंत तुम्ही, तर सही तुमची हवी, सरांची नको. मग तिने ओट्यावर कागद ठेवून लिहिलं: पाच सेंटिमीटरने जमीन वाढली आहे, मुले नाहीत, दूध ताबडतोब सुरू करावे.

"बाकीच्या दहा घरांना तुम्ही सांगाल का?" तिने हळूच विचारलं.

"मी का? वाढवलीत तुम्ही, कमी पण तुम्हीच करा."

शेजारच्या घराचं दार उघडंच होतं. तिला पाहताच आतून बाप हसत बाहेर आला, पोराला दोन्ही हातांनी पुढे ढकलत.

"या टेपताई! मोजा याला. शाळेत सगळ्यांना सांगत फिरतो, मी पुस्तकात आहे म्हणून!"

टेपताईने चपला काढल्या आणि त्या नव्या, गुळगुळीत फरशीवर पाय ठेवला.

"दादा, आधी जरा बसा," ती म्हणाली.