ओली रेघ

वाशीजवळच्या आमच्या गावात काळ्या दगडाचा विष्णू आहे. पूजा बाबा करतात. कार्तिकी एकादशीला देवाला झोपेतून उठवायचं, म्हणून तेल काढून मूर्ती घासताना त्यांना मनगटावर, शंखाच्या खाली, एक रेघ दिसली. तो तडा असेल तर मूर्ती खंडित. खंडित मूर्तीची पूजा चालत नाही, ती पाण्यात सोडावी लागते.

मी भूविज्ञान शिकलेली. दुरूनच बघून देवस्थानच्या अध्यक्षांना, आण्णासाहेबांना, सांगून टाकलं, "काका, ही दगडातली मूळचीच शीर आहे."

"दगडाला बी शिरा असत्यात व्हय? मग नाडी बघ की भैरवी!" ते हसले. "तडा निघाला तर जयपूरहून नवी आणू. पांढरीशुभ्र."

बाबा तुळस निवडत होते. निवडलेलीच पानं पुन्हा निवडत होते.

मला बसवेना. तपासायची रीत साधी आहे. दगड ओला करून पुसायचा. शीर असेल तर ती दगडाबरोबरच वाळते. तडा आत पाणी धरून ठेवतो. अंघोळ करून गाभाऱ्यात गेले, मनगट भिजवलं, पुसलं. थांबणं जमेना. घंटेपाशी जाऊन आले, समईची वात सारली, परत वाकले. हात वाळला. शंख वाळला. रेघ मात्र ओलीच. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"काय म्हणतो दगड?" बाबांनी दारातून विचारलं.

शीर म्हटलं असतं तर कुणी तपासायला येणार नव्हतं.

"तडा आहे, बाबा."

ते आत आले. मग म्हणाले, "कलश भरून आण."

मंत्र म्हणत त्यांनी मूर्तीतला देव कलशाच्या पाण्यात उतरवला.

"आता एकादशीला उठवायचं कुणाला?" माझा आवाज चढला होता.

मूर्तीच्या पायाशी असलेला शाळिग्राम उचलून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "ह्याला. ह्याला प्राणप्रतिष्ठा लागत नाही. हा फुटला तरी विष्णूच."

मी सवयीनं अंगठा फिरवला. कडेला बारीक भेग लागली. माझा हात तांब्याकडं गेला.

"ह्याची नाडी नको बघूस," बाबा म्हणाले.

कलश झाकून झाल्यावर ते उठले. उपरण्यानं मूर्तीचं मनगट पुसलं, वाकून पाहिलं, आणि परत पुसू लागले.