कल्पिताचा हात

बेसबॉलला दोनच पंच असले की त्यांचा संसार होतो. एकीने घर सोडलं तर दुसरीने ते सांभाळायचं. वनमाला घाग होम प्लेटमागे, फटका मारणारीच्या पाठी, उभी राहायची आणि जोडीदारीण पहिल्या बेसपाशी. बेस रिकामे असताना चेंडू उजवीकडे लांब उडाला, की झेल नीट पकडला का ते बघायला बेसवरची पंच मागे धावत जाई आणि जाताना, आपण जागा सोडली हे कळावं म्हणून, ओरडे, "बाहेर!" प्लेटवालीने "घेतलं!" म्हणून धावणाऱ्या मुलीसोबत सगळे बेस स्वतःकडे घ्यायचे. तिने ते घेतले नाहीत, तर तिथे काय झालं ते सांगायला कुणीच नसतं.

वर्षभरापूर्वी वनमालाचा डावा कान गेला आणि उजवाही गर्दीत दगा देऊ लागला. शाळेत मुलांना कवायत शिकवण्यात तिचं मन कधी रमलंच नव्हतं. जीव होता तो या मैदानात. कान कळले तर मैदान सुटणार, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरकडेही गेली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा तिचा हिशेब.

आणि तो जमलाही, कारण जोडीला कल्पिता होती. कल्पिता वेसाव्याची, आईबरोबर मासळीबाजारात बसून आवाज कमावलेली. तिला मागे धावताना उजवा हात सरळ वर करायची खोड होती. वनमाला चिडवायची, "बस थांबवतेस काय गं?"

"सवय आहे ना ताई," कल्पिता हसून म्हणायची.

श्रावणात डेंग्यूने तिला चार दिवसांत नेलं. वनमालाने तिच्या घरी जाऊन फोटोपुढे नारळ ठेवला, परत आली आणि दोन सामने सोडून दिले. फायनलला मात्र तिला बोलावणं आलं. जोडीला रेवती, नुकतीच परीक्षा पास झालेली, पुस्तकातला शब्द न् शब्द पाळणारी.

विक्रोळीच्या मैदानावर त्या दुपारी ताशे वाजत होते. शेवटची इनिंग, दोन आऊट, बेस रिकामे. मुलुंडच्या मुली एका रनने मागे. त्यांच्या दर्शनाने चेंडू उजवीकडे उंच फटकावला.

वनमालाने मास्क काढला. चेंडू रेषेच्या आत राहतो का, याच्यावर तिचा एक डोळा. दुसरा कोपऱ्यातून हात वर होण्याची वाट बघत राहिला. हात वर झालाच नाही. म्हणजे रेवती जागेवरच आहे, असं धरून ती प्लेटपाशी उभी राहिली. रेवती केव्हाच मागे धावली होती. झेल सुटला, दर्शना पहिला बेस ओलांडून दुसऱ्याकडे निघाली, तेव्हा कुठे वनमालाचे पाय हलले. धूळ उडाली, चेंडू आला, दर्शना आणि बेस राखणारी मुलगी एकमेकींवर कोसळल्या. वनमाला फार लांब होती. तिला काहीच दिसलं नाही.

पण पंचाला "दिसलं नाही" म्हणता येत नाही. तिची मूठ आपोआप वर गेली. आऊट. सामना संपला.

मुलुंडचे कोच धावत आले. दोघी पंच बाजूला झाल्या. रेवतीचीही तेव्हा बेसकडे पाठ होती. निर्णय बदलायला कुणाकडे काही नव्हतं. दर्शना दुसऱ्या बेसवर बसून रडत होती. ती नाटक करत नव्हती, हे वनमालाला कळलं.

मैदान रिकामं झाल्यावर रेवती जवळ आली. "ताई, मी ओरडले होते. दोनदा."

वनमाला म्हणाली, "मला ऐकू येत नाही गं. वर्ष झालं."

"पण कल्पिताताईंबरोबर तर तुमचं कधी चुकलं नाही."

"ती हात वर करायची."

"हात? असं तर कुठेच शिकवत नाहीत."

वनमालाने मागचे सामने आठवले. दोन वर्षांपूर्वी कल्पिता हात वर करत नव्हती. ही खोड लागली ती वनमालाचा कान गेल्यावर. म्हणजे तिला ठाऊक होतं. बिचारी वर्षभर तिला सांभाळत धावली, चिडवून घेतलं, आणि एका शब्दाने बोलली नाही. वनमालाने मात्र आपणच सगळ्यांना फसवतोय म्हणून मनात स्वतःची पाठ थोपटली होती.

"मास्क तू घेऊन जा," ती रेवतीला म्हणाली. "मी संघटनेच्या सरांना कानाचं आत्ताच सांगते. दर्शनाला न बघताच आऊट दिलं, तेही सांगते."

रेवती गेल्यावर ती पहिल्या बेसपाशी, कल्पिता उभी राहायची तिथे, थोडा वेळ थांबली. हायवेवर गाड्या वाहत होत्या, त्यांचा आवाज तिच्यापर्यंत येत नव्हता. तिने उजवीकडच्या मोकळ्या मैदानाकडे बघितलं.

"घेतलं गं," ती म्हणाली.